झेंडूच्या माळेमागे

१

नवमीच्या दुपारी मधुसूदन मोठ्या ऐटीत शेजारच्या बाबारावांना घेऊन घरी आला, पिनबॉलच्या काचेवर वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"उत्तरा, गोळी कुठाय?"

मी नुकतीच कोराडीच्या देवीच्या रांगेत पायांची वाट लावून परतले होते आणि चहाचं आधण ठेवत होते. हात पुसत बाहेर आले. आदल्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मधुसूदनने खेळ नव्याने सुरू करून आकडे शून्यावर आणले, पोलादी गोळी दांड्याच्या तोंडाशी चकचकत ठेवली, काच बसवली आणि पेटीच्या पुढच्या दाराला कुलूप घातलं. आता काच जागेवर होती, कुलूप जागेवर होतं, पेटी जागेवर होती. गोळी तेवढी नव्हती.

"चाबी कोणाजवळ आहे?" बाबारावांनी विचारलं.

एरवी ती किल्ली मधुसूदनच्या जानव्याला असायची. आंघोळीलासुद्धा सुटायची नाही. पण आज खंडेनवमी. सकाळीच सासूबाईंनी, म्हणजे पार्वतीबाईंनी, घरातली सगळी हत्यारं धुऊन देवापुढे मांडली होती. पकड, पेचकस, मीटर, माझी कात्री, त्यांचा अडकित्ता आणि ही किल्ली. आमच्या घरचा नियम असा की एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. पूजा पिनबॉलचीही झाली होती, त्यामुळे त्यालाही सुट्टी. मी देवघरात जाऊन पाहिलं. किल्लीवरचं कुंकू सुकलं होतं आणि त्यावर वाहिलेलं फूल तसंच होतं.

मधुसूदन किल्ली उचलायला धावला, तशा सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. उद्या सकाळपर्यंत नाही, म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा कापत होता, पण नियमाच्या बाबतीत त्यांचा आवाज नेहमीच चढतो, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मामंजींचा आवाज आला.

"शोधू नका गा कोणी. उद्याचं रद्द करा."

२

ही पेटी आमच्या घरात कशी आली ते सांगितलं पाहिजे. (नवऱ्याचा उल्लेख मी नावाने करते आहे. सासूबाई हे वाचणार नाहीत, एवढ्याच धीरावर.)

माझे सासरे गिरिधरराव सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा वाचली, पाय थोडा परतला, डावा हात मात्र मांडीवर पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा, नाहीतर अशीच आखडून बसतील. रबराचा चेंडू आणून दिला तर मामंजींनी तो खिडकीबाहेर टाकला. त्या हाताला स्पर्शच कळत नव्हता. जे कळत नाही ते दाबायचं कसं, असं ते विचारायचे.

मग एकदा बोलता बोलता त्यांनी सांगितलं की नोकरीच्या पहिल्या दिवसांत, कामठीकडच्या एका क्लबात फाइल घेऊन जाताना त्यांनी साहेबलोकांना पिनबॉल खेळताना पाहिलं होतं. आत बोलावलं नव्हतं कोणी. व्हरांड्यातून घंटा ऐकल्या होत्या. एवढं पुरलं. क्लब कधीच बंद पडला होता, पण त्याचं सामान उचललेला नत्थू कबाडी गड्डीगोदामात होता. त्याच्या शेडमध्ये कोंबड्यांच्या खुराड्याखाली ती पेटी सापडली.

एक्क्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात ती ट्रकवरून आमच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा मी साफ सांगितलं होतं की एक तर ही राहील नाहीतर मी. आत उंदरांनी संसार थाटला होता. पण मधुसूदन वीज केंद्रात रिले दुरुस्त करणारा माणूस. त्याने एकेक संपर्कपट्टी घासली, जळालेली कॉइल नव्याने भरून आणली. नत्थू दर रविवारी बसने यायचा. खांबांवरची रबरं कुजली होती, तिथे त्याने सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून बसवल्या. नाण्याची भानगड काढून मधुसूदनने पुढे साधं बटण लावलं. मामंजी खुर्चीत बसून बघायचे, आणि हळूहळू सूचना द्यायला लागले. महिनोन् महिने गप्प असलेला माणूस भांडायला लागला, तेव्हा मी पेटीशी समेट केला.

खेळ सोपा आहे. दांडा ओढून सोडला की गोळी उतरत्या मैदानावर वर जाते, खांबांवर, घंट्यांवर आपटत खाली येते. खाली दोन पाती असतात. पेटीच्या उजव्या अंगाचं बटण दाबलं की उजवं पातं उडतं, डाव्याचं दाबलं की डावं, आणि गोळी परत वर जाते. घंटीला दहा गुण. वर उजव्या कोपऱ्यात एक लाल चांदणी आहे, तिला शंभर. मधुसूदन शिकवायचा की चांदणीपुढे खांब आडवा असल्यामुळे गोळी तिथे फक्त डाव्या पात्याच्या फटक्यानेच पोचते. उजव्या पात्याची किंवा दांड्याची गोळी कधीच नाही. शिवाय आत एक ओळंबा टांगलेला आहे. कोणी पेटी उचलली, हिसडली, की तो आपटतो आणि खेळ बाद होऊन दिवे जातात.

हे सगळं ऐकून मामंजींनी एका संध्याकाळी जाहीर केलं होतं, "दसऱ्याला पहिली गोळी मी खेळीन. डाव्या हाताने. जमलं तर डॉक्टर सांगेल तो व्यायाम करीन. नाही जमलं तर पुन्हा मला कोणी हात हलवायला सांगायचं नाही."

आणि आज ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

३

चहा होतो न होतो तोच रुपराव आला. रुपराव गजभिये म्हणजे मधुसूदनचा शाळेपासूनचा मित्र. दर नवमीला तो आमचं मोठं पातेलं न्यायला येतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला त्याच्याकडे गावोगावचे पाहुणे उतरतात आणि घरच्या भांड्यांत भात पुरत नाही. पोटासाठी तो विमा कंपनीचा सर्व्हेअर. कापसाच्या जळालेल्या जिनिंगमध्ये जाऊन, राख पाहून, आग लागली की लावली हे सांगायचं. बोलतो कमी. पण त्याने प्रश्न विचारला की माणसाला आपण उगीचच काहीतरी केलं असावं असं वाटायला लागतं.

मधुसूदनने त्याला एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "चोरी झाली आहे."

"कोणावर शक आहे तुझा?"

मधुसूदनने माझ्याकडे पाहिलं नाही, पण बाबारावांनी पाहिलं. मी पेटी बाहेर काढायची धमकी दिली होती हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं. मग मीही सांगून टाकलं की बाबारावांना ही पेटी स्टाफ क्लबसाठी हवी होती आणि मधुसूदनने दिली नाही म्हणून ते गणपतीपर्यंत बोलत नव्हते. बाबाराव लाल झाले. सकाळपासून प्लँटच्या पूजेत मधुसूदनच्याच शेजारी बसलो होतो, म्हणाले. ते खरं होतं.

रुपराव पेटीभोवती हात मागे बांधून फिरला.

"वहिनी, काच कधी पुसली होती?"

"काल संध्याकाळी. आज सकाळी आई पुसणार होत्या, पण ह्याने हात लावू दिला नाही. ओरखडे पडतात म्हणे."

कोराडीत राहणाऱ्याला सांगायला नको. रात्रीतून केंद्राची राख येते आणि वाळत घातलेल्या पातळापासून दुधाच्या झाकणापर्यंत सगळ्यावर बसते. मी रोज सकाळी तिला शिव्या घालत फडकं मारते. काचेवर तिचा पातळ थर होता, सलग, कुठेही न मोडलेला.

"काच काढायला ती पुढे सरकवावी लागते ना?" रुपरावने विचारलं. "मग कडेची राख खरवडली असती. काच कोणी काढली नाही. कुलूप कोणी उघडलं नाही. मधु, तुझी गोळी चोरीले गेलीच नाही. ती आतच आहे."

"मग दिसून काहून नाही राहिली?"

"ते तूच सांग. मैदानावरून ती खाली पेटीत कशी पडन?"

मधुसूदन विचारात पडला. पुढची बाजू चांगली उचलली तर गोळी उलटी मागे घरंगळेल, म्हणाला, आणि मागच्या फळीच्या फटीतून खाली जाईल. पण एवढं वजन उचलणार कोण? घरात दुपारभर आईबाबा दोघंच होते. आणि पेटी तर जागची हललेली नाही. पुढे काढलेली रांगोळीसुद्धा तशीच आहे.

मी रांगोळीकडे पाहिलं. सकाळी घाईत काढलेली माझी रांगोळी मला देवळातून आल्यावर फार सुबक वाटली होती. कौतुक स्वतःचं असलं की माणूस खोलात जात नाही. आता पाहिलं तर रेषा केसासारख्या बारीक होत्या. माझी रेघ जाड येते, आणि सासूबाई त्यावरून मला लग्नापासून बोलत आल्या आहेत.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. रुपरावने ते पाहिलं.

तेवढ्यात बाबारावांना आठवलं. "नत्थू! मी सायकलवर होतो. दुपारी स्टँडवर दिसला मले. रिकामं पोतं खांद्यावर होतं."

४

मधुसूदनचं डोकंच फिरलं. पेटी नत्थूच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं होती, दुसरी चाबी त्याच्याकडेच असणार, असं तो मोठमोठ्याने बोलायला लागला. काच उघडलेली नाही हे रुपरावने आताच दाखवलं होतं, पण चिडलेल्या माणसाला राख दिसत नाही. बाबाराव जत्रेत जाऊन नत्थूला घेऊन आले. तो देवळापाशी जुन्या टिनाच्या खेळण्यांचं दुकान मांडून बसला होता. दारातच त्याने चपला काढल्या, आणि आतल्या खोलीच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं.

"दुपारी आला होतास इथे?" मधुसूदनने विचारलं.

"आलो होतो. आपट्याचा पाला आणून द्याचा होता."

"आणि पेटी उचलली?"

नत्थूची नजर पुन्हा त्या दाराकडे गेली.

"दुसरी चाबी आहे तुझ्याजवळ?"

"नाई."

"मग काय केलंस इथे?"

"मी काई सांगत नाई, साहेब. मले चोर म्हणाचं असन तं म्हणा."

महिनोन् महिने दर रविवारी माझ्या हातची भाकर खाल्लेला माणूस. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट मधुसूदनचं वाटलं, कारण हे बोलताना त्यालाही ते सहन होत नव्हतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांनी पिळून दोरी केलं होतं.

रुपराव पेटीपाशी उकिडवा बसला होता. पेटीची दोन्ही अंगं काळ्या रंगाची, मधुसूदनने परवाच पॉलिश केलेली. त्यांवरही राख होती.

"नत्थूभाऊ, हात दाखवा बरं."

नत्थूने दोन्ही पंजे पुढे केले. रुंद, राकट, दोन्ही सारखे. रुपरावने मान हलवली.

"इकडे या सगळे. हे उजवं अंग. बटणापाशी बोटांचे ठसे पाहा, एकेक बोट मोजून घ्या. आता डावीकडे या." डावीकडे बोटं नव्हतीच. बटणाच्या वरपासून खालपर्यंत राख एका रुंद पट्ट्यात पुसली गेली होती. कोणीतरी अख्खा तळवा टेकवला होता, तो घसरला, पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. "खेळणाऱ्याचे दोन्ही हात सारखे असते तर ठसे दोन्हीकडे सारखे असते. याचे सारखे नव्हते."

 मधुसूदन मटकन खाली बसला.

"आणि हा माणूस," नत्थूकडे बोट दाखवून रुपराव म्हणाला, "चोर म्हणवून घेईन, पण दिलेला शब्द मोडणार नाही."

५

सासूबाई रडायला लागल्या तेव्हा मला काय करावं ते सुचेना. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मामंजींना भीती होती. उद्या चारचौघांत हात उचलला नाही तर? एकदा एकट्याने करून पाहू दे, अशी त्यांनी बायकोची विनवणी केली. त्यांची खुर्ची डाव्या अंगाला जाईना, तिथे भिंत जवळ होती. नत्थू पाला घेऊन आला तो देवानेच पाठवला असं सासूबाईंना वाटलं. त्याने पेटी थोडी तिरपी करून पुढे ओढली, रांगोळी पुसली गेली. कोणाला सांगायचं नाही, असा शब्द मामंजींनी घेतला. बटण दाबलं, दिवे लागले. नत्थूने दांडा ओढला. मामंजींनी उजव्या हाताने डावा तळवा बटणावर ठेवला, उजवा हात उजव्या बटणापाशी नेला आणि डोळे मिटून जोर केला. हात घसरला. गोळी खाली गेली, परत आली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते जोर करतच होते तोच बाहेर फाटक वाजलं. सासूबाई आणि नत्थू दोघेही दाराकडे धावले. दूधवाला होता. पण नत्थू घाबरला. परत येऊन त्याने घाईघाईने पेटी पुढून उचलून मागे सारली, आणि सगळे दिवे गेले. गोळी दिसेना. मग सासूबाईंनी रांगोळी नव्याने काढली.

"मी नियम मोडला," सासूबाई म्हणाल्या. "पूजेला बसलेल्या यंत्राला हात लावला. सूनबाईला अडकित्ता उचलू देत नाही आणि स्वतःच... म्हणून ते बंद पडलं. आणि ह्यांना वाटतं की ह्यांच्या हाताने मोडलं."

ज्या बाईने नियमासाठी आम्हाला वर्षानुवर्षं धारेवर धरलं, तिने तो नवऱ्यासाठी मोडला होता. माझं सगळं मागचं भांडण त्या क्षणी विरून गेलं. मी जाऊन त्यांना धरलं.

"आई, देवीचा कोप वगैरे काही नाही," रुपराव म्हणाला. "आत ओळंबा आहे. पेटी उचलली की तो खेळ बंद करतो. मधुनेच नीट करून ठेवला आहे तो. यंत्र शाबूत आहे." मग तो पेटीच्या मागच्या उभ्या रंगीत काचेकडे वळला. सकाळी सासूबाईंनी तिच्यावर झेंडूची जाड माळ लावली होती. "मधु, विजेचा खटका बंद केला तरी आकड्यांच्या चकत्या फिरत नाहीत ना?"

"नाही. पुढचा खेळ सुरू होईपर्यंत जुना आकडा राहतो."

"म्हणजे दुपारचा आकडा या माळेमागे आहे, आणि तो कोणीच पाहिलेला नाही. आई, नियम तुमचा आहे, म्हणून माळेले मी हात लावत नाही. तुम्हीच उचला."

सासूबाईंनी डोळे पुसले, देवघराकडे पाहून हात जोडले आणि माळ वर केली.

एकशे सत्तर.

मधुसूदनने तो आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. मग तो उठला, आतल्या खोलीचं दार उघडलं आणि पलंगापाशी खाली बसला.

"बाबा, शंभर पडले आहेत. चांदणीचे."

मामंजी भिंतीकडे तोंड करूनच होते. "नत्थूने दांडा ओढला तेव्हा लागली असेल."

"दांड्याची गोळी तिथे जातच नाही. उजव्या पात्याचीही नाही. तुम्हालाच शिकवलं ना मी? चांदणीला गोळी फक्त डावं पातं पोचवतं. नत्थू दाराशी होता, आई दाराशी होती. डाव्या बटणावर तुमच्याशिवाय कोणाचा हात नव्हता."

 मग मामंजी हळूहळू कूस बदलून इकडे वळले. त्यांनी आपला डावा हात उजव्या हाताने उचलून तोंडापुढे धरला आणि परक्याची वस्तू बघावी तसा पाहिला.

"मला तर काही कळलं नाही गा," ते म्हणाले. "बोटांना कळतच नाही."

"त्यांना कळलं नसन काका," रुपराव दारातून म्हणाला, "पण त्यांनी केलं."

मामंजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मधुसूदन उठून बाहेर गेला, नत्थूसमोर उभा राहिला, आणि त्याने हात जोडले. नत्थूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा मागितला. मी पाचवं आधण ठेवलं. रुपराव पातेलं स्कूटरला बांधून निघाला, तेव्हा बाबाराव त्याला विचारत होते की क्लबातल्या हरवलेल्या कॅरमच्या सोंगट्यांचं काही होईल का.

६

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली. सासूबाईंनी किल्ली स्वतः उचलून मुलाच्या हातात दिली. मधुसूदनने दार उघडून आत हात घातला आणि पेटीच्या तळातून गोळी काढली. काजळीने माखलेली होती. मी ती पदराला पुसली.

भिंतीपासून पेटी आता सगळ्यांनी मिळून दूर घेतली. मामंजी खुर्चीत डाव्या अंगाला बसले. पहिली गोळी सरळ खाली गेली. दुसरीही. सासूबाईंचे ओठ हलत होते, बहुधा नवस चालला होता. तिसऱ्या गोळीला मामंजींनी डोळे मिटले नाहीत. हाताला कळत नव्हतं, म्हणून ते हाताकडे बघत राहिले, आणि आम्हीही गोळीकडे न बघता हाताकडेच बघत राहिलो. तर्जनी आधी थरथरली. मग वाकली. पातं खाडकन उडालं.

चांदणीला लागली नाही. एका घंटीला लागली, दहा गुण मिळाले. आमच्या घरातला आरडाओरडा ऐकून कॉलनीतली माणसं गोळा झाली.

संध्याकाळी सोनं वाटायची वेळ झाली. नत्थूनेच आणलेला आपट्याचा पाला ताटात होता. मामंजींनी सगळ्यांत आधी नत्थूला बोलावलं. उजव्या हाताने ताटातलं एक पान उचललं, आणि ते डाव्या हाताच्या बोटांत ठेवलं. बोटं मिटायला वेळ लागला. सासूबाई सवयीने पुढे झाल्या, कारण डाव्या हाताने सोनं देणं म्हणजे आमच्याकडे समोरच्याचा अपमान, आणि मग त्या मागे सरल्या.

"नत्थू," मामंजी म्हणाले, "आज डाव्या हाताने देतो. वाईट नको वाटून घेऊ."

पान थरथरत पुढे आलं. नत्थूने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि ते डोळ्यांना लावून घेतलं.